शेअर सर्टिफिकेट नसलेले सभासद

(रौप्यमहोत्सवी वर्षातील पहिल्या कार्यक्रमात, 26 जानेवारीच्या संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले आहे. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)

पुढे सतरंजीवर बसून, आइस्क्रीम कधी मिळणार म्हणून माझ्याकडे बघणारी बाळगोपाळ मंडळी,

समितीने मला वीस मिनिटं दिली आहेत. ‘25 वर्षांच्या आठवणी सांगा,’ असं सांगितलंय. आता आठवणी म्हणजे काय, तर पहिल्या वर्षीचे पाण्याचे टँकर, कन्व्हेयन्ससाठी घातलेले हेलपाटे आणि पार्किंगवरून झालेली भांडणं. ती सगळी तुम्हाला पाठ आहेत. काही जण तर त्या भांडणांत जातीने हजर होते! म्हणून मी आज वेगळ्याच सभासदांबद्दल बोलणार आहे.

आपल्या ‘जे’ रजिस्टरमध्ये 48 सभासदांची नावं आहेत. मी ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यांची नावं त्यात नाहीत. त्यांच्याकडे शेअर सर्टिफिकेट नाही, ते मेंटेनन्स भरत नाहीत आणि वार्षिक सभेला आले तरी गच्चीच्या कठड्यावर बसतात. पण राहतात मात्र इथेच, आणि मला वाटतं आपल्यातल्या पुष्कळांच्या आधीपासून राहतात. पंपरूमच्या मागच्या पांगाऱ्यावर सकाळी सात-साडेसातला जी काळी, चिमणीहून लहान, बाकदार चोचीची पाखरं चिवचिवाट करत असतात, तीच ही मंडळी. मराठीत त्यांना शिंजीर म्हणतात. सूर्यपक्षी असंही म्हणतात.

मी पक्षितज्ज्ञ नाही, हे आधीच सांगतो. 34 वर्षं बँकेत नोकरी केली. निवृत्त झालो तेव्हा मुलाने दुर्बीण आणून दिली. तोपर्यंत मला कावळा, चिमणी, पोपट आणि कबुतर एवढेच पक्षी ठाऊक होते; त्यातल्या कबुतराशी तर वैरच होतं. तेव्हा मी जे सांगेन ते थोडं वाचलेलं, थोडं जाणकारांना विचारलेलं आणि बाकीचं बाल्कनीत खुर्ची टाकून पाहिलेलं.

आपल्या आवारात दोन प्रकारचे शिंजीर आहेत. एक जांभळा शिंजीर. सावलीत बसला की नर अगदी काळा दिसतो, आणि उन्हात आला की निळा-जांभळा झळाळतो. पैठणीचा पदर हलवल्यावर रंग बदलतो ना, तसं. गंमत म्हणजे ही झळाळी रंगद्रव्याची नसते. पिसाच्या आतली बारीक रचना अशी असते की त्यावरून परतणारा प्रकाशच ते रंग दाखवतो. म्हणून ऊन गेलं की रंगही जातो. विणीचा हंगाम संपला की हा नर ते भरजरी कपडे उतरवून ठेवतो. मग तो मादीसारखाच पिवळसर-भुरकट दिसतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळा पट्टा राहतो.

दुसरा जांभळ्या पाठीचा शिंजीर. याच्या नराचं पोट पिवळं, छातीवर तपकिरी-तांबडा पट्टा, डोक्यावर हिरवी चकाकी आणि शेपटीच्या वर जांभळा रंग. हा मात्र वर्षभर त्याच पोशाखात असतो. मादी साधी, गळा पांढुरका, पोट पिवळं. दोन्ही प्रकारांची लांबी जेमतेम दहा सेंटीमीटर, आणि वजन साधारण दहा रुपयांच्या एका नाण्याएवढं. बँकवाला आहे, म्हणून मला हीच तुलना सुचते.

सी विंगमधल्या एका काकूंनी मागच्या वर्षी तक्रार केली होती की त्यांच्या स्कूटरच्या आरशावर कोणीतरी रोज घाण करतं. वॉचमनला ताकीदही मिळाली. तो बिचारा निर्दोष होता हो! तो जांभळा शिंजीर होता. विणीच्या दिवसांत नर आपल्या हद्दीत दुसऱ्या नराला येऊ देत नाही. आरशात त्याला दुसरा नर दिसतो. मग तासन्‌तास टकटक, टकटक. समोरचा काही हटत नाही, आणि हाही हटत नाही. आपल्या पार्किंगच्या वादात असं कधी झालेलं नाही, असं म्हणायला मी धजत नाही. उपाय सोपा आहे. गाडी लावल्यावर आरशावर एक जुनी पिशवी चढवायची. काकूंनी ती चढवली, आणि तंटा मिटला.

आता मुलांसाठी एक गोष्ट. माझी नात अमेरिकेत, न्यू जर्सीला असते. व्हिडिओ कॉलवर मी तिला पांगारा दाखवत होतो. ती ओरडली, ‘आजोबा, तुमच्याकडे पण हमिंगबर्ड?’ आपल्याकडेही पुष्कळ जण शिंजीराला हमिंगबर्ड म्हणतात. पण हमिंगबर्ड भारतात नाहीत. त्यांच्या साडेतीनशेहून जास्त जाती आहेत, आणि त्या सगळ्या उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत. नातीच्या अंगणात उन्हाळ्यात येणारा लाल गळ्याचा हमिंगबर्ड थंडी सुरू होण्याआधी मेक्सिको, मध्य अमेरिकेकडे निघून जातो. आपले शिंजीर मात्र आफ्रिकेपासून भारतामार्गे थेट ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापर्यंत पसरलेत. त्यांच्याही सुमारे दीडशे जाती आहेत.

दोघं लहान, दोघं चमकदार, दोघांची चोच लांब, दोघं फुलातला मध पितात. पण नातं काही नाही. हमिंगबर्ड पाकोळीच्या जवळचा, आणि शिंजीर चिमणीच्या मोठ्या गोतावळ्यातला. काम एकच करायचं, म्हणून अवजार सारखं झालं. सुतार इथला असो की तिकडचा, करवत लागतेच. फरक बघायचा तर असा बघा. हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगत मध पितो. शिंजीरालाही क्षणभर तरंगता येतं, पण त्याला आवडतं ते फांदीवर बसून, मान वाकडी करून, निवांत पिणं. जीभ नळीसारखी असते. आणि फूल फारच लांबोडकं असेल, चोच तळापर्यंत पोचत नसेल, तर हा बहाद्दर फुलाच्या बुडाला बाहेरून भोक पाडतो आणि मध पळवतो. जास्वंदीच्या फुलाखाली बारीक भोक दिसलं तर चोर कोण, ते आता तुम्हाला कळेल.

हे राहतात कुठे, हा आजचा खरा विषय. माझा समज असा होता की पक्षी म्हणजे जंगल, आणि आपल्याकडे येतात ते चुकून वाट चुकलेले. तसे रानात राहणारे शिंजीर आहेतच. आपल्या सह्याद्रीतच आहेत. महाबळेश्वर, भीमाशंकरच्या बाजूला लाल छाती-पाठीचा व्हिगर्सचा शिंजीर दिसतो. तो जगात फक्त पश्चिम घाटात, त्यातही मुख्यतः आपल्या उत्तरेकडच्या घाटात आहे. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी 1832 मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा या पक्ष्याची नोंद झाली. छोटा शिंजीर म्हणून आणखी एक आहे, तोही फक्त पश्चिम घाटातला. कोकणात, गोव्यात गेलात तर चांगली लांब, खाली वळलेली चोच असलेला लोटनचा शिंजीर भेटेल. लोटन हा अठराव्या शतकात सिलोनमध्ये असलेला डच गव्हर्नर.

पण आपल्या आवारातल्या दोघांना जंगलाची अट नाही. त्यांना काय लागतं ते मी वहीत टिपून ठेवलंय. पहिलं, मधाची फुलं. आणि ती पण वर्षभर, आळीपाळीने. माघ-फाल्गुनात पांगारा, पळस, काटेसावर. मग शेवगा, केळफूल, कर्दळ, जास्वंद. पावसाळ्यानंतर पंपरूमच्या मागे आपोआप उगवणारी दीपमाळ. आपण जिला ‘रान माजलंय’ म्हणतो, तीच. तिच्या केशरी गोंड्यांवर सकाळी पाच-पाच शिंजीर मी मोजलेत.

दुसरं, किडे. हे मला फार उशिरा कळलं. मध म्हणजे साखरपाणी. त्यावर मोठा पक्षी दिवस काढू शकतो, पण पिल्लू त्यावर वाढत नाही. पिल्लांना आईबाप बारीक कोळी, अळ्या, माश्या भरवतात. म्हणजे आपण कुंपणाच्या झुडपांवर औषध मारून एकही किडा ठेवला नाही, तर फुलं कितीही असोत, पिल्लांच्या ताटात काहीच नाही.

आणि तिसरं, कोळिष्टकं! महिला मंडळाने मला माफ करावं. शिंजीराची मादी घरटं बांधते ते कोळ्याच्या जाळ्याच्या दोऱ्याने. गवताच्या काड्या, सालपटं, वाळकी पानं, कापूस, असं काहीबाही ती जाळ्याने चिकटवत जाते. एक लोंबती पिशवी तयार होते. बाजूला दार, दारावर पागोळीसारखी पुढे आलेली छपरी, आत मऊ अस्तर. बाहेरून बघाल तर वाटेल, फांदीला कचरा अडकलाय. तोच तिचा बंदोबस्त. कचऱ्याकडे कोण बघतं? आमच्या जिन्याच्या खिडकीच्या कोपऱ्यातून कोळिष्टक ओढून नेणारी मादी मी स्वतः पाहिली. तेव्हापासून तो कोपरा झाडायचा नाही, असा आमच्या घरात ठराव झाला. सौ.ची सूचना होती, माझं अनुमोदन.

म्हणजे बघा, यांचं घर कशात आहे? आपण जे थोडं सोडून दिलंय त्यात. न झाडलेल्या कोपऱ्यात, न कापलेल्या फांदीत, लोंबणाऱ्या जुन्या केबलच्या तुकड्यात.

हे आपल्याकडच्याच एका थोर माणसाने फार पूर्वी पाहून ठेवलंय. सालिम अली. कोकणातल्या आंब्यांवर जे बांडगूळ वाढतं, त्याच्याबद्दल त्यांनी 1931 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं. बांडगुळाच्या फुलातला मध प्यायला शिंजीर येतो, आणि त्याच्या अंगाला लागलेले परागकण दुसऱ्या फुलावर जातात. मग फळ धरतं. ते फळ खातो फुलटोच्या, शिंजीराहूनही लहान. त्याच्या विष्ठेतून चिकट बी दुसऱ्या फांदीला चिकटतं, आणि नवीन बांडगूळ उगवतं. आंबेवाल्यांना हे ऐकून राग येईल, ते बरोबरच आहे. पण मला त्यातून एक कळलं. सात-आठ ग्रॅमचा पक्षी आहे म्हणून त्याचं काम सात-आठ ग्रॅमचं नसतं. झाडाझाडांचे व्यवहार तो पार पाडतो. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर क्लिअरिंग हाऊसच.

आता जे सांगायला मी खरं तर उभा राहिलो, ते सांगतो. थोडं अवघड आहे.

आपलं पहिलं मोठं रंगकाम झालं त्याला आता बारा वर्षं होतील. तेव्हा सेक्रेटरी मी होतो. मार्च महिना होता. बँकेत वर्षअखेर, इकडे कंत्राटदाराची बिलं, आणि पाऊस यायच्या आत काम उरकायचं. बी विंगच्या मागच्या बाजूला परांची बांधली होती. एके दिवशी दुपारी रंगकाम करणारा एक मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, ‘साहेब, दुसऱ्या मजल्याच्या वायरला घरटं आहे. आत पिल्लं आहेत. काय करू?’ मी बिलावरून मानसुद्धा वर केली नाही. म्हणालो, ‘अरे काढ ना. एका चिमणीसाठी काय रंग थांबवायचा?’

तो थोडा वेळ उभा राहिला. मग गेला. संध्याकाळी मी घरी आलो, तर त्याने ते घरटं वायरच्या तुकड्यासकट कापून आमच्या खिडकीच्या कट्ट्यावर अलगद ठेवलेलं. फेकून द्यायला त्याचा हात धजावला नसावा. आत दोन पिल्लं होती, डोळे न उघडलेली. एक गेलं होतं. दुसऱ्याला सौ.ने कापसावर ठेवलं, भिजवलेल्या पिठाचा कण भरवायचा प्रयत्न केला. ते रात्रीतून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत होतो. ती मादी आली. चोचीत काहीतरी बारीक धरलेलं, कोळी असावा. जिथे वायर होती तिथे ती हवेत थरथरत थांबली. बाजूच्या बांबूवर बसली. परत त्याच जागी आली. असं किती वेळा, ते मी मोजलं नाही. दहा वाजता मला बँकेत जायचं होतं, मी गेलो. संध्याकाळी ती नव्हती.

मी कुणाचे पैसे खाल्ले नव्हते. काम वेळेत झालं, बजेटमध्ये झालं, वार्षिक सभेत माझ्या अभिनंदनाचा ठरावही झाला. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून आहे, आणि अशी घरटी मोडणं त्यात बसत नाही, हे मला नंतर समजलं. पण कायदा राहू द्या. त्या मुलाला जे कळलं ते मला कळलं नाही, एवढंच खरं. त्याने मला विचारलं होतं. मी मान वर करून ‘चल, दाखव’ म्हटलं असतं, तर पुरे होतं.

मी नंतर हिशेब केला. अंडी घातल्यापासून पिल्लं निघायला साधारण पंधरा दिवस, आणि पिल्लं उडून जायला आणखी सुमारे तितकेच. म्हणजे एका घरट्याचा मुक्काम जेमतेम महिनाभर. त्या पिल्लांचे तर दहा-बारा दिवसच उरले असतील. आमच्याकडे चार बाजूंची भिंत होती. ती एक बाजू शेवटी रंगवली असती, तर कंत्राटदाराचा एक पैसा वाढला नसता.

हे आज का सांगतोय? कारण रौप्यमहोत्सवानिमित्त आपलं दुसरं रंगकाम होळीनंतर सुरू करायचं घाटतंय. तोच हंगाम. पावसाच्या आत ते व्हायला हवं, हे मलाही मान्य आहे. भिंतीतून पाणी झिरपल्यावर पहिला फोन मीच करतो. म्हणून काम पुढे ढकला, असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच. परांची बांधण्याआधी चारही बाजूंनी एक फेरी मारायची. ज्या बाजूला नांदतं घरटं असेल, ती बाजू शेवटी घ्यायची. आणि हे कंत्राटदाराच्या करारात एका ओळीत लिहून घ्यायचं, म्हणजे सेक्रेटरीच्या मूडवर काही राहणार नाही. फेरी मारायला मी तयार आहे. ही पुढे बसलेली मंडळीही येतील. काय रे, येणार ना? (मुलांचा होकार.) लांबून बघायचं, हात लावायचा नाही, आणि फोटोसाठी फांदी वाकवायची नाही. एवढं पाळायचं.

दुसरी गोष्ट पंपरूमच्या मागच्या पट्ट्याची. तिथे पेव्हर ब्लॉक टाकून दुचाकींची सोय करायची सूचना आली आहे. गाड्यांची अडचण खरी आहे. ज्यांच्या घरी दोन मुलं कॉलेजला आहेत त्यांना मी कुठल्या तोंडाने नको म्हणू? झाडाला हात लावायचा तर 1975 च्या कायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगी लागते, तेव्हा पांगारा तसा सुरक्षित आहे. पण त्याच्या बुंध्यापर्यंत ब्लॉक टाकले, खालची दीपमाळ, जास्वंद काढली, तर पांगारा उभा राहील आणि त्याखाली काही उरणार नाही. पांगारा वर्षातून दोन-अडीच महिने फुलतो. उरलेल्या दिवसांत यांनी खायचं काय? म्हणून भिंतीलगतचा एक पट्टा मातीचा राहू द्या. त्याची निगा राखायचं काम ज्येष्ठ नागरिक संघ घेईल. डास होतील अशी भीती कुणाला वाटत असेल, तर डास साचलेल्या पाण्यात होतात, मातीत नाही. कुंड्यांखालच्या ताटल्या मी स्वतः दर रविवारी रिकाम्या करीन.

आणि ज्यांना घरच्या घरी काही करायचंय त्यांनी साखरपाण्याच्या बाटल्या टांगू नका. बाल्कनीत एका कुंडीत साधी लाल जास्वंद लावा, आणि तिच्यावर औषध फवारू नका. बाकी ते बघून घेतील.

25 वर्षांपूर्वी आपण इथे आलो तेव्हा हा माळ होता. आपल्यापैकी कुणीतरी पांगाऱ्याची एक फांदी आणून कुंपणाला खोचली होती. तिला पालवी फुटेल असं कुणाला वाटलं नव्हतं. फुटली. झाड झालं, मग हे आले. आपण त्यांना बोलावलं नव्हतं आणि त्यांनी आपली एनओसी मागितली नाही. पण आता 25 वर्षं शेजार झालाय. शेजाऱ्याकडे बाळंतीण असताना आपण भिंतीला खिळासुद्धा ठोकत नाही. एवढाच नियम पाळायचाय.

वीस मिनिटं झाली. सेक्रेटरी घड्याळ बघतायत, आणि आइस्क्रीम वितळतंय. सर्वांना रौप्यमहोत्सवी वर्षाच्या शुभेच्छा.

(ता. क. – या भाषणानंतर झालेल्या विशेष सर्वसाधारण सभेत रंगकामाच्या करारात घरट्यांविषयीचे कलम घालण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. पंपरूममागील जागेत ठरलेल्यापेक्षा निम्म्याच दुचाकींची सोय करून भिंतीलगतचा पट्टा मोकळा ठेवण्याचा ठराव बहुमताने मंजूर झाला. रंगकामाच्या वेळी ए विंगच्या मागे एक घरटे आढळले. ती बाजू शेवटी रंगवण्यात आली. – संपादक मंडळ)